तीन चाके आणि सागाची पाचर

भाऊजी एका गुरुवारी गेले. सकाळी त्यांनी जीपचे एक चाक काढले, चहा मागितला आणि चहा येण्याआधी गेले. चाक बसवायचे राहिले.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला मी बाई म्हणतो. केशोरीच्या अलीकडे त्यांचे गाव. तिथल्या शाळेवर माझी नेमणूक झाली, म्हणून मी त्यांच्या घरी राहायला गेलो, तो अजून तिथेच आहे. भाऊजींची धानाची शेती होती, चार बैल होते आणि स्वराज्य आल्यावर चार-पाच वर्षांनी एक जीप आली. लढाई संपल्यावर लष्कराने जुन्या गाड्या विकायला काढल्या होत्या. त्यातली ही एक, दोन-तीन हातांतून फिरत जबलपूरहून आमच्या दारात आली. शेतकऱ्याला जीप कशाला, असे कुणी विचारले की भाऊजी त्याच्याकडे असे बघत, जणू त्याने बायको कशाला केली असे विचारले आहे.

तेरवीपर्यंत जे कुणी बसायला आले, ते रडायच्या तयारीने आले आणि जीपची गोष्ट काढून हसले. पहिल्या दिवशी मला ते बरे वाटले नाही. तिसऱ्या दिवशी मीही एक गोष्ट सांगितली.

जीपबरोबर एक इंग्रजी पुस्तक आले होते. लष्करी, खाकी पुठ्ठ्याचे, आत नकाशासारखी चित्रे. घरात इंग्रजी येणारा मी एकटा. त्यामुळे दर रविवारी आमचा कार्यक्रम ठरलेला असे. भाऊजी जीपखाली पाठीवर पडलेले, त्यांचे फक्त पाय बाहेर आणि मी बाजेवर बसून त्या पायांना पुस्तक वाचून दाखवणारा. एक वाक्य इंग्रजीत वाचायचे, मग त्याचे मराठी करायचे. मराठी पटले तर उजवा पाय हलायचा. नाही पटले तर खालून आवाज यायचा, "मास्तर, हे लिवणाऱ्यानं कधी चिखल पाह्यला का?"

त्याने चिखल पाहिला असेल, पण धानाच्या बांधीतला नसावा. म्हणून पुस्तकात नसलेले पुष्कळ उपाय आमच्याकडे होते. रेडिएटर गळू लागला की त्यात मूठभर हळद टाकायची, गळती बंद होते. पावसाळ्यात प्लग ओले झाले की चुलीच्या कडेला शेकत ठेवायचे. बाई म्हणायची की वरणाला पेट्रोलचा वास येतो आणि तो येतही असे. एकदा टायरची ट्यूब कामातून गेली आणि नवी गोंदियाहून यायला आठ दिवस होते. भाऊजींनी टायरमध्ये ठासून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरली. जीप चालली. फक्त गावात ती उभी केली की कुणाचे ना कुणाचे बैल येऊन टायरच्या फटीतून तणस ओढून खायचे. हातब्रेक पहिल्याच वर्षी तुटला होता. त्याच्या जागी सागाची एक पाचर होती, जीप थांबली की चाकाखाली सारायची.

सुकाणू डावीकडे होते, कारण गाडी अमेरिकेतली. मी उजवीकडे बसून वाचत असे. समोरून येणारे बैलबंडीवाले मला पाहून बैल थेट बांधात घालत. त्यांना वाटायचे की हा मास्तर पुस्तकात बघून गाडी हाकतो आहे.

आमच्यासारखाच आणखी एक शौकीन होता, कोहमाऱ्याचा एक लाकडाचा ठेकेदार. त्याच्याकडेही तशीच जीप होती, पण त्याची कामाला लागत असे, म्हणून भाऊजी त्याला शौकीन मानायला तयार नव्हते. दोघे भेटले की एकमेकांच्या इंजिनाला कान लावून, नाडी बघावी तसे ऐकत आणि दोघेही मान हलवत. ठेकेदाराला भाऊजींची जीप सुट्या भागांसाठी हवी होती. तो दर भेटीत विचारायचा आणि भाऊजी दर भेटीत त्याच्या आईची खुशाली विचारून विषय बदलायचे.

मग एका वर्षीचा आषाढ आला. धान रोवण्याच्या दिवसांत जीप तीनदा फसली. एकदा नाल्यात, एकदा पांदणीच्या वाटेत आणि एकदा आमच्या अंगणात. तिन्ही वेळा चिखलणीवरचे बैल सोडून आणावे लागले. दिवसभर चिखल तुडवून आलेले बैल जीपला जुपायचे आणि भाऊजी आत बसून त्यांना वाट सांगायचे. तिसऱ्या वेळी बाई दारात येऊन उभी राहिली. ती भांडली नाही. बैलाच्या खांद्यावर आलेले आवाळू तिने भाऊजींना दाखवले.

"आता एकदा का बैल या डबड्याले जुपले," ती म्हणाली, "त हे कोहमाऱ्याले जाईन. ठेवाचं असन त या बैलाच्या डोस्क्यावर हात ठेवा आन सांगा."

भाऊजींनी बैलाच्या कपाळावर हात ठेवला. आमच्याकडे माणसाच्या शपथेला फार कुणी विचारत नाही, पण बैलाची शपथ मोडत नाही. त्या दिवसापासून भाऊजी जीप अशी चालवू लागले की जणू तिच्यात अंडी भरली आहेत. दीड महिना ती कुठे फसली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावायची, पळसाच्या पानाने चोळायचे आणि कानात सांगायचे, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. आमचा सालदार, म्हणजे सालावर ठेवलेला गडी, जंगलपट्टीतला, वयस्क गोंड माणूस. बैलांवर त्याचा जीव. त्याने चारही बैलांचे खांदे शेकले, हात धुतले नाहीत आणि जीपकडे वळला. म्हणाला की वर्षभर हिनेही ओढले आहे, हिलाही आवतण द्यावे. भाऊजींना ते एकदम पटले. बॉनेटला हळद लागली. मग सालदाराने विचारले की हिचा खांदा कुठे.

हा प्रश्न तसा बरोबर होता. भाऊजींनी विचार केला. बैलाचे जिथे घासते तिथे तूप लावतात, बंडीचे जिथे घासते तिथे एरंडीच्या तेलाचे ओंगण घालतात. जीपचे काय घासते? ब्रेक. महिनाभर ते किंचाळतही होते. धुवायला चारही चाके काढलेलीच होती, चाकांमागचे डबे उघडले होते. आत ब्रेकचे पट्टे दिसत होते.

"मास्तर," भाऊजींनी हाक मारली, "इथं ओंगण घालाचं का? पुस्तकात काय लिवलं हाय?"

मी बाजेवर होतो. खाकी पुस्तक मांडीवर होते आणि त्याच्या आत दुसरे पुस्तक होते, गोंदियाहून वाचनालयाचे आणलेले. त्यातला माणूस नेमका त्या पानावर आपल्या सासऱ्याच्या खोलीत लपला होता. मी वर न बघता म्हणालो, "घाला."

सालदाराने चारही चाकांत भरपूर ओंगण घातले. चाके बसवल्यावर किंचाळणे थांबले. भाऊजींनी अंगणात, सपाटीवर, ढकलून पाहिली. म्हणाले, लोण्यासारखी चालते.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मारुतीच्या देवळापुढे तोरण बांधले होते. बैलांच्या रांगेत शेवटी, बेगड आणि झेंडूच्या माळा घातलेली, आमची जीप उभी होती, चाकाखाली पाचर. एकमेकांना चिमटे काढणाऱ्या पोळ्याच्या झडत्या म्हणून झाल्या. एक झडती जीपवरही झाली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. तोरण तुटले, बैल सुटले, त्यांच्यामागून भाऊजींनी जीप सुरू केली आणि सालदाराने पाचर काढून हातात घेतली.

देवळापासून बोडीपर्यंत उतार आहे. बोडी म्हणजे आमचे लहान तळे, भाद्रपदाच्या तोंडाला काठोकाठ भरत आलेले. पुढे बैल होते, म्हणून भाऊजींनी ब्रेक दाबला. जीप थांबली नाही. त्यांनी पुन्हा दाबला. मग त्या माणसाने, ज्याला पुस्तकातली सगळी चित्रे पाठ होती, सुकाणू दोन्ही हातांनी कासऱ्यासारखे छातीकडे ओढले आणि तो ओरडला, "हो, हो, हो!" त्यांचे चारही बैल जागच्या जागी थांबले. जीप त्यांच्या बाजूने पुढे गेली. सालदार पाचर हातात धरून तिच्याशेजारी पळत होता, चाकाला विनवणी करत होता. मी देवळाच्या पायरीवर उभा होतो आणि मला त्या वेळी कळले की मी काय वाचले नव्हते.

जीप बोडीत गेली आणि बॉनेटपर्यंत बुडून थांबली. झेंडूच्या माळा तरंगत काठाला आल्या.

गाव हसून मोकळे झाले, मग शांत झाले, कारण शपथ सगळ्यांना माहीत होती. नैऋत्येला आभाळ भरून आले होते. वरच्या शेतांचे पाणी उतरले की बोडी हातभर चढते, म्हणजे सकाळपर्यंत जीप पाण्याखाली जाणार. आणि पोळ्याच्या दिवशी बैल जुपत नाहीत. त्या दिवशी तो पाहुणा असतो, जेवायला आलेला. उद्या सकाळी जुपले तर जीप बाहेर येईल आणि बाहेर येऊन सरळ कोहमाऱ्याला जाईल. भाऊजी कमरेपर्यंत पाण्यात सुकाणू धरून बसले होते. बाहेर या, असे त्यांना कुणी म्हणत नव्हते.

बाई पूजेचे ताट घेऊन बैलांची वाट बघत दारात होती. बैल आले, धनी आला नाही, म्हणून ती ताट घेऊनच बोडीवर आली. तिने जीप पाहिली. नवरा पाहिला. तिला काहीच करावे लागणार नव्हते, नुसते घरी जायचे होते. सकाळी सगळे तिच्या मनासारखे झाले असते.

तिने ताट माझ्या हातात दिले आणि सालदाराला बंडीचा दोर आणायला सांगितले.

"बैल नाही जुपाचे म्हणलं होतं मी," ती काठावरच्या लोकांना म्हणाली. "तुमी काही बैल नाही. वडे त बैलावानी खाल्ले."

नवी धोतरे नेसलेले चाळीस-पन्नास पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. मग सगळ्यात पुढचा दोर तिनेच कमरेला पदर खोचून धरला, तेव्हा त्यांना दुसरा मार्ग उरला नाही. पाऊस सुरू झाला तेव्हा जीपची मागची चाके काठावर होती. सालदाराने ताबडतोब पाचर घातली. भाऊजी खाली उतरले आणि लोकांनी विचारले की झाले काय, तर ते म्हणाले, "ओंगण मी घातलं. माझीच अक्कल."

मी तिथे ताट धरून उभा होतो. मी काही बोललो नाही. त्या रात्रीही नाही आणि नंतर इतकी वर्षेही नाही. चारही चाकांचे ब्रेक रॉकेलने धुताना त्यांनी मला ब्रेकचे प्रकरण वाचायला सांगितले. मी वाचले. त्यात एक वाक्य स्पष्ट होते, पट्ट्यांना तेलाचा थेंबही लागू देऊ नये. मी ते इंग्रजीत वाचले, मराठीत केले. उजवा पाय हलला.

तेरवी झाल्यावर मी बाईला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगतलं त्यायनं. म्हणे, मास्तरनं पुस्तक उघडलं नाही, पण त्याले काही बोलू नोको. तो रुसला त पुस्तक कोण वाचंल?"

मग मी विचारले की तिने तरी जीप का जाऊ दिली नाही, तिला तर ती नको होती. तिने सुपातला खडा काढून बाहेर फेकला.

"जीप गेली असती त तो माणूस दिवसभर घरात बसून राह्यला असता," ती म्हणाली. "माह्या डोक्याशी."

ती पुन्हा निवडायला लागली. घरात कुणी बसलेले नव्हते.

गेल्या महिन्यात कोहमाऱ्याचा ठेकेदार येऊन बसून गेला. या वेळी त्याने जीपबद्दल विचारले नाही. जाताना गोठ्यात जाऊन बॉनेटला कान लावून उभा राहिला. इंजिन बंद होते.

जीप गोठ्यात आहे. ती तीन चाकांवर उभी आहे, चौथ्या बाजूला विटांची थप्पी आणि सागाची पाचर आहे. काढलेले चाक भिंतीला टेकून ठेवले आहे. पुस्तक माझ्याकडे आहे.