ब्राउनीवरचे सात बैल

कामरगावात मारोतरावांच्या वांग्यांना नाव होतं, पण त्याहून मोठं नाव त्यांच्या उजव्या हाताला होतं. वांगी काय, मळ्यात पाणी असलं की कुणीही पिकवतो. चंपाषष्ठीला मात्र खंडोबाच्या देवळापुढे सगळं गाव जेवायला बसतं, आणि त्या जेवणात वांग्याच्या भरताशेजारी रोडगा लागतो. रोडगा म्हणजे जाडसर दळलेल्या गव्हाचा मूठभर गोळा, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेला. वरून राख झटकायची, हाताने फोडायचा आणि वर तूप सोडायचं. हे गोळे आरात कधी घालायचे, हे चाळीस वर्षं एकटे मारोतराव सांगत आले होते. त्यांनी ‘टाका’ म्हटल्याशिवाय गावात कुणाची गोळा टाकायची हिंमत नव्हती, मग तो सरपंच का असेना.

त्यांची रीत अशी. आर पसरला की उजवा हात त्यावर वीतभर उंच धरायचा आणि घरात होऊन गेलेल्या सात बैलांची नावं सावकाश घ्यायची, एका दमाला एक. चांद्या, माणक्या, लाल्या, हिऱ्या, बाशिंग्या, शेवऱ्या, गुलब्या. लाल्यालाच हात मागे घ्यावा लागला तर आर फार कडक आहे, थांबा. गुलब्या होऊनही हात निवांत असेल तर आर मेला, गोवऱ्या घाला. आणि बरोबर गुलब्याला हात ओढावासा वाटला, तर टाका. गुलब्यानंतर मळ्यात भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला, म्हणून यादी तिथं संपली. ट्रॅक्टरचं नाव घेऊन रोडगे भाजत नाहीत, असं मारोतराव सांगत, आणि ऐकणाराही उगाच मान डोलवी.

पण मागच्या चंपाषष्ठीला घात झाला. रोडगे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चं पीठ. तीनशे माणसं ताटं घेऊन बसलेली, भरीत निवत चाललेलं. शेवटी कुणाच्या तरी घरून भाताची पातेली आली आणि गाव भरताशी भात कालवून गपचूप उठलं. गोवऱ्या ओल्या होत्या, असं कुणीतरी म्हणालं. गोवऱ्या मारोतरावांच्या मुलाने, उत्तमने, आपल्या मळ्यातून आणल्या होत्या. झालं, खापर फोडायला डोकं सापडलं. उत्तम दिसला की पारावरची मंडळी वर्षभर विचारत राहिली, “काय उत्तमराव, गौऱ्या वाळल्या काय?” मारोतराव ऐकत आणि गप्प बसत. घरी येऊन त्यांनी आर ओढायचं लांब दांड्याचं दाताळं माळ्यावर टाकलं आणि आपल्याच्यानं आता हे होत नाही, असं जाहीर केलं. देवळाच्या कमिटीतल्या हरीओमनं, तिशीतला तडफदार पोरगा तो, यंदा गॅसची भट्टी आणायची कल्पना काढली. मारोतरावांनी त्यालाही मान डोलवली. पण त्या दिवसापासून ते जेवताना रोडग्याचा विषय निघाला की पाणी प्यायला उठत.

अशात दिवाळी आली आणि अमरावतीच्या होस्टेलातून नात आली, रूपाली. तिच्या पिशवीत एक चौकोनी पत्र्याचा ट्रे, कोकोचा डबा आणि डोक्यात ब्राउनी. यंदा फराळाच्या ताटांत चकली-करंजीशेजारी ब्राउनी जाणार, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. तिच्या आजीला, रंगूबाईंना, पहिली शंका अंड्याची. दिवाळीत आपल्या चुलीपाशी अंडं येणार असेल तर आपण माहेरी जातो, असं त्यांनी बजावलं. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं, पण धमकी जुनी आणि कामाची होती. रूपालीनं दह्यावर भागवायचं कबूल केलं. मग लोणी घरचं, गूळ घरचा, आणि ओट्यावर सगळं घर गोळा झालं. उत्तमनं पीठ चाळलं, ते निम्मं मिशांवर. सून ज्योत्स्नानं गूळ विरघळवला. रंगूबाई चकल्या तळता तळता मिश्रणात डोकावून म्हणाल्या की रंग तर शेणकाल्याचा आहे, चवीचं देव जाणे.

मिश्रण ट्रेमध्ये ओतलं, शेजारच्यांकडून मागून आणलेली विजेची भट्टी तापायला लावली, आणि वीज गेली. पाच मिनिटांनी उत्तम बातमी घेऊन आला की गावाची डीपी जळाली आहे, आता उद्याच्या संध्याकाळपर्यंत बोलू नका. ट्रे कुठल्याच कुकरात मावेना. रूपाली म्हणाली की सोडा घातलाय, हे असं ठेवलं तर तासाभरात बसेल. आणि ती ट्रेपाशी अशी बसली, की जणू घरात कुणी आजारी आहे.

ती मग उठून अंगणात आली. बाजेवर मारोतराव पेपर वाचत पडले होते, म्हणजे पेपर तोंडावर होता.

“आबाजी, रोडग्याच्या आरावर होईन काय हे?”

पेपर हलला नाही. मग त्यामागून उत्तर आलं की होईल, कुणीही करील, पण आपल्याला सांगू नका. रूपालीनंही हट्ट केला नाही. ती आईला म्हणाली, चल, आपणच करू.

आता आग ही अशी चीज आहे की जाणत्या माणसासमोर ती कुणी चुकीची पेटवली तर त्याला अंगावर पाल पडल्यासारखं होतं. ज्योत्स्नानं गोवऱ्या आडव्या रचल्या. बाजेवरून आवाज आला, उभ्या लावा. तिनं रॉकेल मागवलं. आवाज आला, रॉकेलचा वास काय ब्राउनीले लावता काय मंग. उत्तमनं फुंकणीनं फुंकून सगळी राख बायकोच्या तोंडावर उडवली, तेव्हा मात्र पेपर खाली पडला. मारोतराव उठले, मुलाच्या हातातून फुंकणी काढून घेतली आणि माळ्यावरून दाताळं आणायला फर्मावलं. उत्तम शिडीशिवायच चढला.

त्यांनी एका घमेल्यात बोटभर वाळू पसरली, वाळूवर तीन दगड, दगडांवर ट्रे ठेवायची जागा. वरून झाकायला दुसरं घमेलं. आर खाली जास्त आणि वरच्या घमेल्याच्या पाठीवर थोडा. गोवऱ्या पेटून लाल झाल्या, मग त्यांच्यावर राखेची पांढरी साय धरली. दाताळ्यानं त्यांनी आर सारखा केला आणि सगळे बाजूला झाले. आता हात धरायचा होता.

मारोतरावांनी धोतराला तळवा पुसला. पुन्हा पुसला. रूपालीला वाटलं, आबाजींच्या हाताला राख लागलीय.

“चांद्या,” ते म्हणाले. “माणक्या. लाल्या. हिऱ्या.”

आणि घोडं तिथंच पेंड खाऊ लागलं. पुढचं नाव येईना. ओठ हलले, हात आरावर तसाच राहिला, तळवा लाल व्हायला लागला. त्यांचा चेहरा पाहून ज्योत्स्ना पुढे झाली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून, झारा हातात धरून, रंगूबाई बोलल्या.

“बाशिंग्या. माह्या बापानं देल्ला बैल, अन् नेमका तोच इसरले काय तुमी?”

मारोतरावांनी हात मागे घेतला आणि ते जमिनीवरच बसले. लग्नाच्या साली सासऱ्यानं दिलेला तो बैल, कपाळावर बाशिंगासारखा पांढरा पट्टा असलेला. बारा वर्षं त्यानं यांच्या मळ्यातली मोट आणि नांगर ओढला. मेला तेव्हा रंगूबाईंनी दोन दिवस चूल पेटवली नव्हती. एवढा बैल डोक्यातून गेला कसा? उद्या नातीचं नाव गेलं तर? वर्षभर गिळलेलं भय या वेळी त्यांनी परत गिळलं नाही.

“उत्तम, गौऱ्या ओल्या नोत्या,” ते म्हणाले. “तवाही मी इथंच अटकलो होतो. तीनदा मोजलं, तीनदा हिऱ्यापाशीच थांबलो. लोकं पाहून राह्यले होते. लाजंपायी म्हणून टाकलं, ‘टाका’.”

वर्षभराचे टोमणे उत्तमच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. त्याला राग आला होता, आणि समोर बसलेल्या बापाचा लाल तळवाही दिसत होता. शेवटी त्यानं रांजणातून तांब्याभर पाणी आणलं आणि बापाच्या हातावर ओतलं.

“मंग तुमच्या वाट्याची ब्राउनी माही,” तो म्हणाला. “सालभराची भरपाई.”

खिडकीतून रंगूबाई हसायला लागल्या. सगळं गाव गोवऱ्यांना नावं ठेवत होतं आणि घोळ आपल्या बाशिंग्याचा, याचं त्यांना भारीच कौतुक वाटलं. मारोतरावांनी पुन्हा हात धरला. या वेळी नावं सगळ्यांनी मिळून घेतली, रंगूबाईंनी खिडकीतून. बरोबर गुलब्याला हात मागे आला.

“टाका,” मारोतराव म्हणाले.

अर्ध्या तासानं झाकण उचललं. रूपालीनं नव्या केरसुणीची काडी मधोमध खुपसली, ती कोरडी निघाली. एक कोपरा करपला होता. तो मारोतरावांनी कुणी बोलायच्या आत तोंडात टाकला, भरपाईबिरपाई विसरून. मग चवीचा निकाल द्यायला सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी सावकाश चावलं आणि सांगितलं की गोड आहे, पण राखेचा जरा वास हवा होता.

ब्राउनी निवल्यावर अठ्ठावीस चौकोन पडले. आता सजावट. रूपालीचा बेत फुलं काढायचा होता, त्यासाठी तिनं कागदाचा कोन केला, तो पहिल्याच फुलाला फुटला. रंगूबाईंनी तिला बाजूला सारलं. साखर मैद्यासारखी वाटून घेतली, चिमटीत धरली आणि रांगोळी सोडावी तशी सोडली. पन्नास वर्षं उंबऱ्यावर चालवलेली चिमूट ती, पहिल्या चौकोनावर चार रेघांत बैल उभा राहिला. उत्तमनं काजूच्या दोन फाका लावून त्याला शिंगं बसवली. मग फुलांचा बेत रद्दच झाला. एकेका बैलाची चार चार चित्रं, आणि खाली ज्योत्स्नानं काडीनं साखरेत नावं लिहिली. मारोतराव पाटावर बसून एकेकाची खूण सांगत होते. लाल्याचं एक शिंग मोडकं, म्हणून अर्धी फाक. हिऱ्या तोंडानं वाकडा. गुलब्या जाडा, त्याला साखर जास्त. बाशिंग्याचा पट्टा रंगूबाईंनी कुणाला काढू दिला नाही, चारही स्वतः काढले.

दुसऱ्या दिवशी फराळाची ताटं गावात फिरली आणि प्रत्येक ताटात एक बैल गेला. लोकांनी आधी कौतुकानं पाहिलं, नाव वाचलं, मग खाल्लं. ताटं परत आली तेव्हा निरोप आले. कुणी विचारलं, हा चांद्या कोण होता. कुणी म्हणालं, माणक्या बरा होता, अजून एक पाठवा.

दिवाळी सरली, रूपाली अमरावतीला गेली. चंपाषष्ठीची बैठक देवळात भरली, तेव्हा मारोतराव न बोलावता गेले. सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं की मागच्या साली गोवऱ्या कोरड्या होत्या, चूक आपली, उत्तमला कुणी काही म्हणू नये. एवढं बोलून ते निघाले. हरीओमनंच त्यांना दारात थांबवलं. गॅसच्या भट्टीचं अजून पक्कं नाही, तो म्हणाला, आणि भट्टीतला रोडगा फोडताना हात भाजत नाही, त्यात काय मजा. मारोतरावांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी दाताळ्याचा दांडा तेल लावून पुसला.

चंपाषष्ठीला रूपाली पहाटेच्या एसटीनं आली. देवळापुढे चर भरून आर पसरला होता. एकीकडे भरतासाठी त्यांच्याच मळ्यातली वांगी भाजत होती, पलीकडे रंगूबाई बायकांत बसून गोळे वळत होत्या. हरीओम परात घेऊन तयार. सगळं गाव भोवती उभं, यंदा जरा जवळच उभं. मारोतरावांनी हात धरला.

“चांद्या. माणक्या. लाल्या. हिऱ्या.” मग रंगूबाईंना ऐकू जावं इतक्या मोठ्यानं, “बाशिंग्या.”

बायकांत हसू पिकलं. आणि मारोतराव थांबले. बाशिंग्याच्या नादात पुढचा निसटला होता. क्षणभर मागच्या सालचं तेच भय परत समोर उभं राहिलं. पण या वेळी मारोतरावांनी ओठ मिटले नाहीत. हात आरावर तसाच ठेवून त्यांनी मान वळवली आणि भोवतीच्या गावाला विचारलं, “पुढं कोन होता रे?”

परात सावरत हरीओम म्हणाला, “शेवऱ्या, काका. माह्या ताटात आल्ता. म्या खाल्ला तो.”

“शेवऱ्या,” मारोतराव म्हणाले. मग “गुलब्या,” म्हणून त्यांनी हात मागे घेतला, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत सगळं गावच म्हणालं, “टाका.”