अंगठा नाही, दोन बोटं

"अंगठा नाही ताई, दोन बोटं लावा! अंगठ्याला स्वतःची नाडी असते. माझी सोडून तुमचीच मोजत बसाल."

बाबर सरांचा हा आवाज कृष्णेच्या घाटावरचा. सर जाऊन तीन वर्षं झाली. दुपारचं जेवण आटोपून प्रमिलाताई चटईवर कलंडतात, डोळे जड होतात, आणि पंख्याच्या घरघरीतून तो आवाज पुन्हा येतो.

चटई गार लागते. चटई कसली, घाटाची पायरीच ती. समोर सर, गळ्यात शिट्टी.

"उठा. साठीनंतर अंग थंड पडलं की रुसतं."

"सर, तुम्ही तर..."

"पळत पळत बोला. ओवी कुठंय तुमची?"

साठी ओलांडलेली सहा माणसं सरांकडे लांब पल्ल्याचं पळायला शिकायची, आणि सहा जणांना सहा तऱ्हा. गुडघा धरलेल्या देशमान्यांना नदीची वाळू. माहेरी जात्यावर बसलेल्या प्रमिलाताईंना ओवी. ओवी न तुटता चालली तर वेग बरोबर, तुटली की हळू व्हायचं. घड्याळाकडं बघायचंच नाही.

ताई पळतात. ओठांत स्वतःच जुळवलेल्या ओळी:

वाट सरेना गं, पाय म्हणे थांब
दम माझा हळू, नदी माझी लांब

पूल लागतो. पुलाखाली पाणी नाही, टेलिफोन एक्सचेंजच्या तारा वाहताहेत. तीस वर्षं तिथं बसून ताईंनी लोकांची बोलणी जोडून दिली. आज साऱ्या तारांतून एकच शब्द येतो: किती? किती?

पळणं झालं की नाडीचे ठोके सर असेच विचारायचे.

"एकशे सोळा," ताई सांगतात.

"आणि माझे?" सर मनगट पुढं करतात.

ताईंचा पाय अडखळतो. त्या सकाळीही असंच मनगट पुढं आलं होतं. "रोज आमचीच मोजता, आज तुमची बघू," असं ताईच थट्टेनं म्हणाल्या होत्या. आधी अंगठा लावला, सर खळाळून हसले. मग दोन बोटं. तीन ठोके, आणि एक रिकामी जागा. दोन ठोके, पुन्हा रिकामी. आपण शिकाऊ, आपलंच चुकलं असेल. आणि शिकवणाऱ्यालाच कसं सांगायचं? ताई म्हणाल्या, "बहात्तर." त्यानंतर सहा दिवसांनी सर घरातच कोसळले.

पूल संपतो तिथं सरांचं स्वयंपाकघर. ओट्यापाशी वहिनी पाठमोऱ्या, कपात साखर ढवळताहेत. ढवळताहेत, ढवळताहेत, चमचा थांबतच नाही.

"हिला वाटतं, शेवटच्या सकाळी ती भांडली म्हणून मी गेलो," सर हळूच म्हणतात. "तुम्हाला विचारलं होतं ना तिनं?"

विचारलं होतं. तेराव्याला, ताईंचे दोन्ही हात धरून: "तुम्ही रोज बरोबर असायचात. काही जाणवलं होतं का हो?" आणि ताई म्हणाल्या होत्या, "नाही हो."

"सर, मी..."

सर पळत सुटतात. वहिनी नाहीत, ओटा नाही, नुसता काठ. ताई मागं धावतात. ओवी तुटते, छाती फुटायला येते.

"थांबा की सर! तुमची नाडी..."

सर वळून बघतात. डोळ्यांत पाणी, ओठांवर तेच हसू.

"मला काय सांगताय ताई? साऱ्यांचं माप मी घेतलं, माझं तेवढं राहिलं. ओवी तुटलीय तुमची. हळू व्हा."

पंखा घरघरतोय. चार वाजलेत. ताईंच्या उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटात रुतलीत. सोडवल्यावर कातडीवर दोन लालसर ठसे उरतात. दोनच. अंगठ्याचा नाही.

ठसे विरायच्या आत त्या फोन लावतात.

"वहिनी, मी प्रमिला. चहा झाला? नाही, काम असं नाही... म्हणजे आहे. जरा खाली बसा हो. तेराव्याला मी तुमच्याशी खोटं बोलले. सरांची नाडी चुकत होती. माझ्या या दोन बोटांना कळलं होतं, वहिनी. तुम्ही भांडायच्या आधी, सहा दिवस."