माझी मुलगी अजून लहान आहे

मी एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवतो. म्हणजे पावसाळा सरता सरता शिकवायला लागतो आणि उन्हाळ्यापर्यंत शिकवतो. उरलेले महिने मी कॉलेज विकतो. आमच्याकडे याला ‘प्रवेश मार्गदर्शन’ म्हणतात. नाशिकला सीबीएस स्टँडजवळ संस्थेने एक गाळा भाड्याने घेतला आहे. वर मोठा फ्लेक्स आणि आत टेबलामागे आम्ही प्राध्यापक मंडळी, पाळीपाळीने, टाय लावून. प्रत्येकाने किती मुलं आणायची याचं टार्गेट ठरलेलं असतं. ते पूर्ण झालं नाही तर पगार अडकतो. पूर्ण झालं तरी अडकतोच, पण मग निदान कारण वेगळं सांगतात.

पालक काय विचारणार हे एव्हाना पाठ झालेलं आहे. बस कुठून सुटते, होस्टेलला जेवण कसं असतं, नोकरी लागते का. या सगळ्याची उत्तरं छापील पत्रकात आहेत. एकच प्रश्न पत्रकात नाही आणि तो कुणीतरी उठता उठता विचारतोच. ‘सर, राग मानू नका, पण तुमची मुलगी असती तर इथे घातली असतीत का?’

यावर मी हसून म्हणायचो, ‘माझी मुलगी अजून लहान आहे हो.’ पालकही हसायचे आणि विषय मिटायचा. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ते अगदी खरं होतं. ती पहिलीत होती. सुट्टीत माझ्याबरोबर गाळ्यात यायची आणि पालकांसाठी आणलेलं कोकम सरबत पीत, खुर्चीवर पाय हलवत बसायची. मी तिच्याकडे बोट दाखवायचो. पुराव्यासकट उत्तर! पुढे ती मोठी झाली, तिला माझ्या गाळ्याचा कंटाळा आला आणि पुरावा घरीच राहायला लागला. उत्तर मात्र मी बदललं नाही. चालणारी गोष्ट कोण बदलतं? यंदा ती बारावी झाली.

निकालाच्या संध्याकाळी मेहुणीचा फोन आला. ‘आता तुम्हाला काय काळजी? मुलींना फी माफ आहे!’ माफ आहे, खोटं नाही. पण घरचं उत्पन्न एका मर्यादेच्या आत असेल तर. आणि माझा पगार कागदावर त्या मर्यादेच्या बराच वर जातो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो तेव्हा सेतू केंद्रातल्या बाईंनी माझा पगाराचा फॉर्म सोळा पाहिला आणि आदराने बसायला खुर्ची दिली. ‘सर, तुम्हाला हो कशाला सवलत?’ त्या म्हणाल्या. मार्चपासून यातला एक रुपयाही खात्यात आलेला नाही, हे त्या खुर्चीवर बसून सांगणं मला जमलं नाही. इतका मान मला कॉलेजातसुद्धा कुणी देत नाही.

पगार का नाही, तर सवलतीत शिकणाऱ्या मुलांच्या फीचे पैसे सरकारकडून संस्थेला आलेले नाहीत, असं संस्था म्हणते. म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांना सवलत आहे म्हणून मला पगार नाही, आणि मला पगार आहे म्हणून माझ्या मुलीला सवलत नाही. गणिताचा माणूस असल्यामुळे मी हे समीकरण मुलगी बाहेर गेलेली असताना बायकोला कागदावर मांडून दाखवलं. तिने ते शांतपणे वाचलं. ‘छान आहे,’ म्हणाली. ‘आता भाजी आणा.’

बायको घरी मुलांच्या शिकवण्या घेते आणि मार्चपासून आमचं घर त्यावरच चालतं. उन्हाळ्यात तिने सकाळची एक बॅच वाढवली. मुलीला आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. ‘लहान आहे ती,’ बायको म्हणाली होती. ‘अभ्यासाच्या दिवसांत तिच्या डोक्याला ताप नको.’ परीक्षा झाली, निकाल लागला, तरी आम्ही सांगितलं नाही.

एक जुनी ठेव होती, ती मोडायचं ठरवलं. आता प्रश्न इतकाच होता की पूर्ण फी भरून तेवढ्याचं शिक्षण पदरात पडेल असं कॉलेज कुठलं. दर रविवारी आम्ही तिघं आमची जुनी गाडी काढून बघायला निघायचो. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजं रविवारीही उघडी असतात. दुकानं असतात तशीच.

शहरातून बाहेर पडताना वाटेत माझं जुनं कॉलेज लागतं. अनुदानित आहे, इमारतीचा रंग उडालेला, फाटकावर एकही फ्लेक्स नाही आणि रविवारी चक्क बंद. मी दर वेळी गाडी जराशी हळू करायचो आणि म्हणायचो, ‘इथे मी शिकलो. फी किती होती ते आठवतसुद्धा नाही.’ एकदा मुलीने विचारलं, ‘आता किती असेल?’

‘काय माहीत,’ मी म्हणालो. ‘बीएस्सीला जातं कोण आता?’ आणि गियर बदलला. इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाची मुलगी साधं बीएस्सी करणार म्हटल्यावर नातेवाइकांनी आमच्या घरी सांत्वनालाच यायचं बाकी ठेवलं असतं.

परक्या कॉलेजात पालक म्हणून हिंडताना मला फार मजा वाटायची, कारण सगळं ओळखीचं होतं. पाहुणे आले की उघडायची ती एकच प्रयोगशाळा. कोऱ्या पुस्तकांचा वास येणारी लायब्ररी. एका कॉलेजात तर यशस्वी विद्यार्थी म्हणून भिंतीवर ज्या हसऱ्या मुलाचा फोटो होता, तो आमच्याही फ्लेक्सवर आहे. बिचारा दोन्हीकडे पहिला आला होता. फीचं म्हणाल तर सांगताना एक असायची. मग हळूच तिच्यामागून डेव्हलपमेंट, सक्तीची बस आणि गणवेश असं सगळं कुटुंब बाहेर यायचं. मी काही बोललो की बायको म्हणायची, ‘तुम्हाला कसं हो सगळं आधीच कळतं?’

हायवेपासून आत, एका टेकडीमागच्या कॉलेजात माझ्याच वयाच्या एका सरांनी आम्हाला हिंडवलं. टाय होता, कपाळावर घाम होता, बोलणं गोड होतं. निघताना बायकोने त्यांना विचारलं, ‘सर, तुमची मुलगी असती तर इथे घातली असतीत का?’

सर हसले. ‘माझी मुलगी अजून लहान आहे हो,’ ते म्हणाले.

माझी मुलगी इतक्या जोरात हसली की वॉचमनने वळून पाहिलं. बायकोला काही कळेना. सर आधी गोरेमोरे झाले. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मायलेकी पुढे गाडीकडे गेल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, ‘कुठल्या कॉलेजला आहात?’

मी सांगितलं.

‘इथे नका घालू,’ ते म्हणाले. ‘शिकवणारे टिकत नाहीत. दिवाळीनंतर निम्मे नवीन असतात. माझी दोन आहेत घरी, एक दहावीला आणि एक बारावीला. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? मुलगा विचारत होता.’

‘नका घालू,’ मी म्हणालो.

आम्ही हात मिळवले. अख्ख्या उन्हाळ्यात मला एवढं प्रामाणिक प्रवेश मार्गदर्शन दुसऱ्या कुणी केलं नाही.

अशात आमच्या ऑफिस सुपरिंटेंडेंटनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी चहा मागवला तेव्हाच मी सावध झालो. ‘सर, मुलगी बारावी झाली ना? आपल्याकडेच घ्या,’ ते म्हणाले. ‘फी पूर्ण लागेल, स्टाफला सवलत बंद केली आहे. पण रोख भरायची नाही. तुमचा जो पगार थकलाय, त्यातून वळती करून घेऊ. शुक्रवारपर्यंत सांगा.’

काय डोकं आहे! जो पगार ते देणार नव्हते, तो मला मिळायचा आता एकच रस्ता होता. मुलीला त्यांच्या कॉलेजात घालायचं. दोघा सहकाऱ्यांनी आपापले मुलगे असे घातलेही होते. घरी सांगितलं तर बायकोने ठेवीची पावती काढून पाहिली. मग म्हणाली, ‘नाहीतरी ते पैसे बुडाल्यातच जमा आहेत. ठेव तरी वाचेल.’ तिचं काहीच चुकत नव्हतं. पैशाच्या बाजूने पाहिलं तर उभ्या नाशिक जिल्ह्यात आम्हाला याहून स्वस्त कॉलेज मिळणार नव्हतं.

मुलीला आम्ही एवढंच सांगितलं की स्टाफच्या मुलांसाठी काहीतरी सोय आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. ‘बाबा, तुम्हाला काय वाटतं?’

‘बघू,’ मी म्हणालो. मला काय वाटतं ते मला चांगलं माहीत होतं. आमच्याकडे पहिल्या वर्षाला गणिताच्या तासाला मी एका वर्गात दोन तुकड्या कोंबून शिकवतो आणि पुढच्या वर्षी त्यांना शिकवायला कोण असेल हे देवालाही सांगता येत नाही. त्या बाकांवर मला आता ती दिसायला लागली होती.

शुक्रवारी माझी गाळ्यात पाळी होती. दुपारी मुलगी डबा घेऊन आली. माझ्यासमोर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काम करणारे एक गृहस्थ बसले होते, शेजारी त्यांची मुलगी. त्यांनी पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं.

‘ओव्हरटाइम धरला का माझं उत्पन्न लिमिटच्या वर जातं, सर,’ ते म्हणाले. ‘सवलत नाय भेटत. सगळी फी खिशातून हाय. म्हणून इचारतो, राग नका मानू. तुमची पोरगी असती तर इथं टाकली असती का?’

‘माझी मुलगी अजून…’ मी सुरुवात केली आणि थांबलो. ती टेबलाजवळच उभी होती, हातात डबा घेऊन. माझ्याएवढी उंच.

‘मीच त्यांची मुलगी, काका,’ ती म्हणाली. ‘यंदा बारावी झाले.’

गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘मंग?’ ते म्हणाले.

पत्रकात उत्तर नव्हतं. फ्लेक्सवरचा हसरा मुलगाही काही मदत करीना. ते गृहस्थ, त्यांची मुलगी आणि माझी मुलगी असे सगळे थांबले होते आणि बाहेर कंडक्टर पेठ, सुरगाणा म्हणून ओरडत होता.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘टाकणार नाही.’

बोलून गेल्यावर आधी भीती वाटली आणि मग एकदम इतकं हलकं वाटलं की मी टाय सैल केला.

‘मंग कुठं टाकताय?’

मी त्यांना माझ्या जुन्या कॉलेजचं नाव सांगितलं. ‘शिकवणारे कायमचे आहेत, फी कमी आहे. आणि मुलं मिळवायला त्यांना असा गाळा घ्यावा लागत नाही. मात्र रविवारी जाऊ नका, बंद असतं.’

‘मॅथ्सला?’ माझ्या मुलीने विचारलं. सगळा उन्हाळा गाडी हिंडवताना तिला काय शिकायचं आहे हे आम्ही विचारलंच नव्हतं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

‘मॅथ्सला,’ मी म्हणालो.

गृहस्थांनी पत्रकाची घडी घालून ती परत टेबलावर ठेवली. उठताना म्हणाले, ‘मंग सर, तुम्ही इथं काय करताय?’

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

‘पगाराची वाट बघतोय,’ मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. ‘आमच्याकडं ठेक्यावरची पोरं बी तेच करतात,’ ते म्हणाले आणि मुलीला घेऊन स्टँडकडे गेले.

टार्गेटपासून मी आणखी एकाने मागे पडलो. घरचं धरलं तर दोनाने. आणि मुलीसमोर मी नको ते बोलून बसलो होतो. ती पालकांच्या खुर्चीत बसली, डबा उघडला आणि पोळीभाजी माझ्यापुढे सरकवली.

‘मार्चपासून ना?’ ती म्हणाली.

‘तुला कुणी सांगितलं?’

‘आईने सकाळची बॅच सुरू केली तेव्हाच कळलं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘कशी बोलणार?’ ती म्हणाली. ‘मी अजून लहान आहे ना.’