पटकीच्या लशीच्या रांगेतून मी परत पाठवलेली बाई

वाचनालयात येणाऱ्या मित्रहो, या फलकावर एरवी मी तुमच्या चुका लिहितो. आज माझी लिहितो आहे.

सकाळी सेलूच्या बाजारात पटकीची लस टोचत होते. मला कालपासून किंचित सर्दी आहे. अशा वेळी लस घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना विचारण्याऐवजी मी रांगेतच निकाल दिला, "सर्दी असताना लस घेणे अशास्त्रीय आहे."

पुढे उभ्या असलेल्या बाईने वळून पाहिले. तिच्या कडेवरच्या मुलीचे नाक वाहत होते.

"पोरीले बी सर्दी हाय, गुरुजी. मंग टोचू नाई काय?"

"मुळीच नाही. आणि आधी तिचे नाक पुसा."

पदराने मुलीचे नाक पुसून ती रांगेतून निघून गेली.

माझी पाळी आली तेव्हा डॉक्टर हसले. "ताप नाही ना? मग साध्या सर्दीने काही बिघडत नाही. हात पुढे करा, गुरुजी."

मी टोचून घेतले आणि बाजारभर तिला शोधले. एक भाजीवाली म्हणाली, "ते तं कवाचीच गेली. गाव नाई सांगतलं तिनं, पण गावात पटकी हाय म्हने. म्हून तं पोरीले घेऊन पायी आलती."

तेव्हापासून माझी मान वर होत नाही.

डॉक्टर उद्या दुपारपर्यंत येथे आहेत. तिचे लुगडे हिरवे होते, मुलगी दोनेक वर्षांची. नाव मी विचारलेच नाही. वाहते नाक तेवढे पाहिले. तुमच्यापैकी कोणी तिला ओळखता का? गाव सांगा, बोलावणे धाडणार नाही. मी स्वतः जाईन.