इशारा देऊन पुढे गेलेली ओळ

माणसाची बोटं मोडताना जो आवाज होतो, तो कधी तुमच्या चुकीमुळे झालाय का? माझ्या चुकीमुळे झालाय. आगरदांड्याच्या जेट्टीवर, भर दुपारी, दिघीची फेरीबोट धक्क्याला लागत असताना.

चौघं होते. दोघांनी माझे हात मागे पिरगाळले. बाकीच्या दोघांनी माझ्या बाबांना गुडघ्यावर पाडलं आणि बोट बांधायच्या लोखंडी खुंटावर त्यांचा उजवा पंजा दाबून धरला. एकाच्या हातात मोठा पान्हा होता.

"काका, खाडीतली तिवरं काय तुमच्या बापाची हायत?"

"न्हाय," बाबा म्हणाले. "तुझ्या पोरांची हायत."

"मला पोरंच न्हाईत."

"मग तर बरंच झालं."

फेरीबोटीच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. त्या हसण्यावर पान्हा खाली आला. मग परत एकदा. मी मला धरणाऱ्याच्या मनगटाला चावले, तोंडात रक्त आलं. त्याने माझं डोकं कठड्यावर आपटलं. पान्हेवाला वाकून बाबांना म्हणाला, "तुमच्याच घरातनं जातंय समदं. आमच्या केबलच्या डब्यात दिसतंय. रोज सकाळी नऊला." मग ते निघून गेले. धावलेसुद्धा नाहीत.

ते वाक्य मला पान्ह्यासारखं लागलं. कारण त्यांच्या डब्यात काहीही दिसायला नको होतं. ते दिसू नये, एवढंच काम बाबांनी माझ्यावर सोपवलं होतं.

बाबांचं आयुष्य पत्रकं छापण्यात गेलं. घरातच पायाने चालवायचं छपाईयंत्र होतं. मी अक्षरं शिकले ती शिशाच्या खिळ्यांवरून, उलटी. घरात दोनच नियम होते. वाचल्याशिवाय पत्रक वाटायचं नाही. आणि ठरलेलं पत्रक थांबवायचं नाही. शाई कमी पडली तर पातळ करा, मजकूर चुकला तर तळाला दुरुस्ती छापा, पण बाजार भरायच्या आत पत्रक लोकांच्या हातात गेलंच पाहिजे.

पहिल्या नियमामुळे मी माझी ऑपरेटिंग सिस्टीम निवडली. तिच्यात तयार प्रोग्राम येत नाहीत. मूळ कोड उतरवायचा, हवं तर वाचायचा आणि आपल्याच यंत्रावर घडवायचा. बाबांच्या जुन्या लॅपटॉपवरही मी तीच बसवली. छपाईयंत्र भंगारात गेल्यापासून बाबा खाडीचे फोटो काढतात. कापलेली तिवरं, त्यांच्यावर रात्रीतून पडलेला मुरूम, डंपरच्या चाकांखाली चिरडलेली चिंबोरी. रोज सकाळी नऊला हे फोटो एका वेबसाइटवर जायचे, नाव न देता.

गावाला नेट पुरवणारा केबलवाला आणि भराव टाकणारा ठेकेदार सख्खे भाऊ. नेटवरून सगळं छोट्या पाकिटांतून जातं. पाकिटातला मजकूर केबलवाल्याला वाचता येत नाही, पण पाकिटावरचा पत्ता दिसतो. म्हणून व्हीपीएन: सगळी पाकिटं एका बंद थैलीत घालून दूरच्या एका यंत्राकडे पाठवायची, पुढचे पत्ते तिथे उघडतात. मला हवं होतं ते व्हीपीएन कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच, मॉड्यूल, म्हणजे जोडभाग, होऊन बसतं. आमच्या सिस्टीमसाठी त्याचं पॅकेज कुणी केलं नव्हतं. मी केलं. तीन आठवडे खपले. कुठला कोड घ्यायचा, कशावर घडवायचा, कुठे ठेवायचा, सगळं एका फाइलमध्ये लिहिलं.

त्या फाइलमध्ये दोन पापं होती.

नवा कर्नल म्हणजे नवं कुलूप. जुनी चावी चालत नाही. माझी फाइल ही चावी, म्हणजे मॉड्यूल, घडवायची ती त्या क्षणी चालू असलेल्या कर्नलसाठी. मी बाबांच्या यंत्रावर नवा कर्नल घडवला, मॉड्यूलही पुन्हा घडवलं, पण ते घडलं जुन्यासाठी. यंत्र बंद करून सुरू केलं की नवं कुलूप, जुनी चावी.

दुसरं पाप मोठं. मी लिहिलं होतं: मॉड्यूल मिळालं नाही तर इशारा छाप आणि पुढे जा. घरचा दुसरा नियम! काम थांबता कामा नये, दुरुस्ती तळाला छापू. थैलीच नव्हती, तरी पाकिटं निघत राहिली. उघडी.

बाबांच्या हाताला प्लास्टर घालून दवाखान्यातून घरी आल्यावर मी त्यांचा लॅपटॉप सुरू केला. काळ्या पडद्यावर माझीच इशाऱ्याची ओळ आली आणि वर सरकून गेली.

"बाबा, ही ओळ कधीपासून येतेय?"

"आठ दिवस झाले असतील."

"तुम्ही वाचलीत?"

"वाचली की. न वाचता पुढे जातो का मी?"

"मग थांबला का नाहीत?"

"मला वाटलं, थांबायचं असतं तर तू थांबवलं असतंस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी कोयता उचलला आणि केबलच्या खांबाकडे निघाले. खांबावरचा तो डबा फोडायचा होता, डब्याचा मालक समोर आला असता तर त्यालाही.

"तार तोडून काय होणार?" बाबा दारातून ओरडले. "उद्या दुसरी ओढंल तो. आधी तुझी फाइल तोड!"

फाइल तोडली. आता पॅकेज ज्या कर्नलवर यंत्र सुरू होणार आहे त्याच्यासाठीच मॉड्यूल घडवतं. मॉड्यूल नसेल तर नेट चालूच होत नाही. आमच्या सिस्टीमची पॅकेजं तपासणाऱ्या गटात एकाने लिहिलं, "इतकं कठोर कशाला? लोकांचं नेट बंद पडेल." मी लिहिलं, "पडू दे. नेट परत जोडता येतं." खाली जेट्टीवर काय झालं ते चार ओळींत लिहिलं. त्याने आणखी काही न विचारता बदल घेतला.

पोलीस तक्रारीला फेरीबोटीच्या रांगेतला एकही साक्षीदार मिळाला नाही. बाबांची दोन बोटं वाकत नाहीत. पुढचे फोटो त्यांनी डाव्या हाताने काढले, आणि खाली स्वतःचं नाव घातलं. मी नको म्हटलं. "त्यांना कळलंय," ते म्हणाले, "आता आपल्या लोकांना कळू दे."

तुम्हाला एक सांगणं आहे. तुमच्या भरवशावर कुणी व्हीपीएन वापरत असेल, तर आज त्यांच्या यंत्राजवळ बसा. व्हीपीएन मुद्दाम तोडा आणि एखादं साधं पान उघडून बघा. पान उघडलं, तर ते उघडणं बंद होईपर्यंत तिथून उठू नका.