अर्जुनीचं न सुटलेलं जहाज

आमच्या मोठ्या साडूंइतका समुद्राचा अधिकारी माणूस उभ्या गोंदिया जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. एसटी नवेगावच्या पुढे गेली की ते खिशातलं लिंबू हुंगायला लागतात. असा हा माणूस अर्जुनी मोरगावच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाला आणि एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच जहाजांवरच्या निसर्ग-अभ्यासकांवर ग्रंथ लिहायला बसला. जगभर फिरून मासे, पक्षी, शिंपले गोळा करणारी ही मंडळी म्हणजे पुष्कळदा जहाजावरचे डॉक्टरच. त्यांच्यासाठी साडू शब्दकोशातून एकट्यानं फ्रेंच शिकले. ते बरोबर आहे की चूक हे सांगणारं आसपास कोणी नाही, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. बारा वर्षांत नऊ वह्या भरल्या, पण ग्रंथातलं जहाज अजून बंदरातच उभं आहे. सामान भरणं चालू आहे.

विषय कुठलाही निघो, साडू तो जहाजावर नेऊन सोडतात. माझ्या मुलीच्या साक्षगंधाला ऐन पंगतीत त्यांनी व्याह्यांना एका अभ्यासकाच्या शेवटच्या आजाराची हकीकत सांगितली. आजार जुलाबाचा होता. व्याह्यांनी कढीची वाटी हळूच बाजूला सारली. पण साडूंचा खरा राग पॅरिसवर, तिथं बसून माशांना नावं देणाऱ्या विद्वानांवर. "जीव यायनं द्याचा, मासे यायनं धराचे, आन् नाव कोनाचं? खुर्चीत बसलेल्या प्राध्यापकाचं," हे मी त्यांच्या ओसरीवर इतक्यांदा ऐकलंय की त्या प्राध्यापकांची मला दया येऊ लागली होती.

सराव हवा म्हणून ते गावच्या तलावातले मासे औषधात घालून ठेवतात. माझ्या मेहुणीच्या लोणच्याच्या बरण्या त्यातच गेल्या. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी: माशाचं नाव, जागा, तारीख, आणि 'संग्राहक' या शब्दापुढे साडूंची सही. मासे आणून द्यायचा दसरू, तलावात जाळं टाकणारा, साडूंच्याच वयाचा. कोणता मासा कुठल्या गवतात अंडी घालतो, कोणता चिखलात दडून उन्हाळा काढतो, हे सांगणाराही तोच. त्याच्या जोरावर साडूंचा एक लेख मासिकात छापून आला. त्यांनी मला तलावाच्या पाळीवर नेलं आणि माझ्याकडून तो दसरूला मोठ्यानं वाचून दाखवला.

दसरूनं सगळा ऐकून घेतला. मग विचारलं, "माहा नाव कुठी आहे जी गुरुजी?"

साडूंनी माझ्या हातातलं मासिक घेऊन पानं चाळली.

"सांगतलो मी, धरलो मी. तुमी त पाण्यात पाय बी नाही टाकले."

जाळं खांद्यावर टाकून तो गेला आणि साडूंच्या दारात यायचा बंद झाला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "साडूभाऊ, पॅरिस काही लांब नाही. अर्जुनीतच आहे." त्यांचा चेहरा पाहिला आणि वाटलं, नसतो बोललो तर बरं झालं असतं. दसरूशिवाय त्यांना गावात मित्र नव्हता.

पुढचा आठवडाभर ते चिठ्ठ्या बदलत बसले. बरणीबरणीवर 'संग्राहक: दसरू'. घरी असलेल्या मासिकाच्या सगळ्या प्रतींवर पेनानं तेच. मग प्रती पिशवीत घालून पाळीवर गेले, सोबत मला घेऊन. दसरूनं एक प्रत उलटसुलट पाहिली, शाईवर बोट ठेवलं.

"हे माहा?"

"हो."

"बरं. मंग आता डोंग्यात बसा."

अशा रीतीनं आमचे साडू जन्मात पहिल्यांदा पाण्यावर गेले. तलाव अगदी संथ होता, तरी मध्यावर पोहोचेस्तोवर त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. दसरू एका हातानं डोंगा सांभाळत होता, दुसऱ्या हातानं त्यांची पाठ चोळत होता. मी पाळीवर उभा राहून हसलो, आणि मला मनापासून बरं वाटलं.

आता साडूंना नीट दिसत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी नऊही वह्या माझ्या हवाली केल्या. म्हणाले, "जहाज काही माह्यानं सुटून नाही राहिलं. तुमच्यापाशी असू द्या."

घरी येऊन पहिली वही उघडली. आभाराच्या पानावर, दसरूच्या नावाखाली, माझं नाव होतं. पुढे लिहिलं होतं: 'बारा वर्षे थट्टा केली, पण प्रत्येक प्रकरण शेवटपर्यंत ऐकले.'

मी एकही प्रकरण शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. मान हलवत होतो, एवढंच. म्हणून आता रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जातो आणि त्यांची वही त्यांनाच वाचून दाखवतो, एक ओळही न गाळता. कालपर्यंत दुसरी वही झाली.