रबरबँडवाला फोन

फोटोवर जीव टाकणारी माणसं जगात पुष्कळ सापडतील, पण फोटो आधी तोलून पाहणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वेबसाइटी बनवणं हा त्याचा धंदा. पुण्यातली कंपनी सोडून हा गृहस्थ आमच्या डोंगराकडच्या अकोले गावी परत आला आणि गच्चीवरच्या खोलीत कॉम्प्युटरचे दोन पडदे मांडून बसला. दारात पाहुणा आला की "बसा" म्हणायच्या आधी हा विचारणार, "तुमच्या मोबाईलमध्ये ब्राउझर कुठला?"

ब्राउझरांबद्दल तो गोठ्यातल्या जनावरांसारखा बोलतो. एक गुणी, सांगितलं तेवढं करतो. दुसरा खादाड, सगळी मेमरी खाऊन वर आणखी मागतो. तिसरा आडमुठा, त्याला तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगावी लागते. जावास्क्रिप्टवर तर त्याचं प्रवचन तयारच असतं. "साडूभाऊ, जावास्क्रिप्ट म्हणजे मीठ. भाजीत मीठ घालावं, तर ही आताची मंडळी मिठात भाजी घालतात. एक बटण बसवायचं, त्यासाठी हजार फायली उतरवून घेतात, आणि त्या कुणी लिहिल्या ते यांच्या बापालाही ठाऊक नसतं." मी मान डोलावतो. नाही डोलावली तर तो लॅपटॉप उघडून दाखवतो आणि ताटातलं जेवण गार होतं.

त्याच्याकडे फोन दोन. एक चांगला, तो बायकोशी बोलायला. दुसरा जुनाट, काचेला तडा गेलेला, रबरबँडनं आवळलेला. हा त्याचा तराजू. कुठलंही पान आधी या फोनवर उघडायचं, तेही राजूरच्या पुढे डोंगरात, जिथे रेंजची एकच काडी येते तिथे उभं राहून. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात मुलाकडच्यांनी लग्नाची खास वेबसाइट काढली होती. यानं ती भर मांडवात त्या फोनवर उघडली आणि मोठ्यांदा मोजायला लागला, "एक, दोन, तीन..." सतरापर्यंत पोचला तरी नवरदेव दिसेना. व्याह्यांची तोंडं उतरली. पुढचा आठवडाभर बायकोनं मलाच सुनावलं, जसा काही हा साडू मीच पसंत करून आणला होता!

असा माणूस मी आमच्या संस्थेच्या कामाला लावला. मी मुलींच्या वसतिगृहाचा प्रमुख. वरच्या वाड्यांवरच्या मुलींना बारावीच्या पुढे शिकायचं तर आमच्याकडे जागा मिळणं हाच एक रस्ता, आणि अर्ज घ्यायचा फक्त वेबसाइटवर, असा संस्थेचा नियम. साडूनं पान केलं. पांढरं, साधं, चार रकाने, एक बटण. त्याच्या तराजूवर तीन मोजायच्या आत उघडायचं, आणि भरलेला अर्ज थेट माझ्या मेलवर यायचा. मी खूश होतो. अध्यक्षांनी मात्र बैठकीत विचारलं, "आमचा फोटो कुठाय?"

"काढून टाकला," साडू म्हणाला. "अख्ख्या अर्जाच्या चाळीसपट भरत होता."

मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. "टाका हो एक फोटो, काय बिघडतंय?"

"वरच्या वाडीत पान उघडणार नाही."

"मग खाली येऊन उघडतील!" हे मी म्हणालो. वसतिगृहाचा प्रमुख मी, आणि हे मीच म्हणालो, त्याची मला अजून लाज वाटते. काम त्याच्याकडून गेलं. नवी वेबसाइट आली. तीत अध्यक्ष डावीकडून येतात, उजवीकडे जातात आणि परत डावीकडून येतात.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी चार वाजता वरच्या वाडीवरून एका बापाचा फोन आला. "सर, सकाळधरनं नुसतं गरगर फिरतंय. काईच उघडंना. खाली यावं तर जीप गेली. पोरीचं वरीस वाया जाईल वो." पाचला अर्ज बंद होणार होते. मी इथून भरायला बसलो, तर आमच्याही पडद्यावर तेच गरगर. शेवटी मान खाली घालून साडूला फोन लावला.

"जुनं पान चालूच आहे," तो म्हणाला. "पत्ता पाठवतो, त्यांना द्या."

"बंद नाही केलंत?"

"कशाला करायचं? लागलंच कुणाला तर असावं."

पाचला सात मिनिटं असताना माझ्या मेलवर मुलीचा अर्ज आला. मी तो छापून अर्ज नोंदवणाऱ्या कारकुनापुढे ठेवला. जुन्या का होईना, पण वेबसाइटवरूनच आलेला! त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. लगेच बापाचा फोन. पडद्यावरची अक्षरं लावत तो वाचत होता, "अर्ज... पोचला. आता... काळजी करू नका." मग विचारलं, "हे खरं हाय का सर?"

"खरं आहे," मी म्हणालो.

संध्याकाळी साडूच्या दारात जाऊन उभा राहिलो. "चुकलं माझं," म्हटलं. रबरबँड बोटाभोवती गुंडाळत त्यानं एवढंच विचारलं, "शेवटची ओळ वाचली का हो त्यांनी?"

"मोठ्यानं वाचली. मला वाचून दाखवली."

त्यानं रबरबँड परत फोनला चढवला. मग खुर्चीवरच्या वायरी उचलून बाजूला केल्या आणि म्हणाला, "बसा." ब्राउझरचं काहीच विचारलं नाही.